मेला त्याचा नंबर गेला

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला सगळ्यात आधी कुंकू लागलं आणि सगळ्यात शेवटी मुलींचा हात लागला. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे बोलता बोलता माझा आवाज चढला तर कोणी नवल करू नये.

ऐंशीच्या दशकाची ती मधली वर्षं. पांढुर्ण्यात तेव्हा टीव्हीसुद्धा मोजक्याच घरी होते, आणि आमच्या सरकारी शाळेत कुठल्याशा योजनेतून हे यंत्र येऊन पडलं. एक जाडजूड कीबोर्ड, त्याच्यातच म्हणे सगळं डोकं, एक छोटा टीव्ही आणि एक टेपरेकॉर्डर. टेपरेकॉर्डर पाहून आम्हाला वाटलं, सरकारने गाणी ऐकायची सोय केली. मोठ्या सरांनी नारळ फोडला, पण खोलीच्या बाहेर, कारण आत पाणी उडालं तर मशीन जळेल अशी गणिताच्या सरांची ताकीद होती. कुंकू मात्र त्यांना थांबवता आलं नाही. टीव्हीच्या कपाळावर तो टिळा पुढे कित्येक महिने तसाच होता.

गणिताचे सर सौंसरचे. रोज बसने यायचे, बसने जायचे. त्यांना भोपाळला ट्रेनिंगला पाठवलं होतं, म्हणून खोलीची किल्ली त्यांच्याकडे. माणूस कमी बोलणारा आणि नियमाचा. चपला बाहेर काढा, हात धुऊन कोरडे करा, दार आपटू नका, आणि गेम खेळायचा नाही. "हे खेळणं नव्हे," असं ते रोज एकदा तरी म्हणायचे. गेम म्हणजे काय हे आम्हाला ठाऊकही नव्हतं तेव्हापासून तो बंद होता.

मशीन एक आणि वर्गात पोरं गच्च. हजेरीच्या नंबराने एकेकाने पुढे यायचं, स्वतःचं नाव टाईप करायचं, ते पडद्यावर दिसलं की खूश होऊन परत जायचं. हजेरीत आधी मुलगे, मग मुली. मुलींचा नंबर यायला लागला की घंटा व्हायची. एकदा व्हायची, दोनदा व्हायची, दर वेळी कशी काय व्हायची? मी मोठ्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, "पाहूनही शिकता येते बेटा." मी म्हटलं, मग मुलांनाही पाहूनच शिकू द्या नं. त्यावर मला वर्गाबाहेर उभं केलं.

गेम शोधून काढला तो माझ्या भावाने आणि त्याच्या दोस्तांनी. दादा अकरावीत, मी नववीत. योजनेतून ज्या कॅसेटी आल्या होत्या त्यातल्या एकीच्या एका बाजूला भूगोलाचं काहीतरी होतं. दुसरी बाजू सरांनी कधी लावली नव्हती. दादाने लावली. टेपरेकॉर्डर बराच वेळ किर्र किर्र करत राहिला आणि मग काळ्या पडद्यावर एक छोटी हिरवी रेघ वळवळायला लागली. समोर एक ठिपका. रेघेने ठिपका खाल्ला की ती थोडी लांब व्हायची आणि थोडी जोरात पळायची. भिंतीला धडकली की मेली. स्वतःच्याच अंगाला लागली तरी मेली. आमच्याकडच्या पोरांना अशी वस्तू दिसल्यावर ते दुसरं काय नाव ठेवणार? अर्ध्या पोरांच्या घरी कपाशी. त्यांनी तिला अळी म्हटलं आणि ठिपक्याला बोंड. "अळीनं किती बोंडं खाल्ले बे?" असं विचारत पोट्टे गावभर फिरायचे, आणि म्हातारे शेतकरी दचकून बघायचे.

नंबर ठरवायला मग नवा नियम झाला. हजेरी नाही, काही नाही. एकदा बसलास की अळी मरेपर्यंत तुझा डाव, ती मेली की ऊठ. पोरं त्याला म्हणायची, "मेला त्याचा नंबर गेला." हा नियम इतका कडक पाळला जायचा की सरकारनेसुद्धा तसा कुठला पाळला नसेल.

सरांना कळलं, कॅसेट कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागलं. पण त्याच्या आधीच दादाने बाजारातल्या कॅसेटी भरून देणाऱ्या दुकानातून तिची एक नक्कल करून घेतली होती. दुकानदाराने ऐकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अबे पोट्टे हो, याच्यात तं नुस्तं किर्र वाजून राहिलं. गाणं कुठी हाय?"

"थेच गाणं हाय काका," दादा म्हणाला. "जसं हाय तसंच भरून द्या."

दप्तरात कोणी पाहिलं तर शंका येऊ नये म्हणून दादाने तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, देशभक्ती गीते. लेकाचा स्वतःला फार हुशार समजायचा. सर दुसऱ्या वर्गावर असले की सरावाच्या नावाखाली किल्ली मागून खोली उघडायची आणि देशभक्ती सुरू. दादाची बहीण म्हणून मलाही कधीमधी बसू द्यायचे. तेवढ्यात मी शिकले ते शिकले.

पुढे पंधरा ऑगस्ट आला. झेंडावंदन झालं, पाहुणे बसले, आणि लाऊडस्पीकरवाल्याने गाण्यांची कॅसेट मागितली. चपराशीकाका शोधायला गेले. कॉम्प्युटरच्या खोलीत टेपरेकॉर्डरपाशी त्यांना हवी तीच वस्तू सापडली, दादा आदल्या दिवशी तिथेच विसरलेला, नाव मोठ्या अक्षरात लिहिलेलं. काय चूक त्यांची? पुढच्या मिनिटाला सगळ्या मैदानावर असं काही किर्र वाजलं की पहिल्या रांगेतली लहान मुलं कानावर हात ठेवून रडायला लागली. पाहुणे उभे राहिले. त्यांना वाटलं हेही काही राष्ट्रीय असेल. त्यांना उभं पाहून मोठे सर उभे राहिले, मग सगळेच उभे राहिले, सावधान! मी हसू दाबता दाबता मरायला टेकले होते. त्या मैदानात तो आवाज कशाचा हे आम्हा पोरांशिवाय फक्त एका माणसाला कळलं. गणिताचे सर धावत गेले आणि त्यांनी कॅसेट काढली. माइकवर म्हणाले, "कॅसेट खराब आहे."

बस, तेवढंच. मोठ्या सरांना त्यांनी काही सांगितलं नाही. दादाला बोलावलं, कॅसेट खिशात टाकली आणि विचारलं, "इतकी आवडते?" दादा खाली मान घालून म्हणाला, "हो सर." सर म्हणाले, "जा." दादाला वाटलं सुटलो. मलाही तसंच वाटलं.

आता पोळा जवळ आला होता, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर एवढंच, की जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. इकडे पांढुर्णा, तिकडे सावरगाव. आम्ही झाड तोडून आणायचं, त्यांनी आणू द्यायचं नाही, आणि दोन्हीकडून दिवसभर गोटे. खरे गोटे, आदल्या दिवसापासून ढीग लावून ठेवलेले. डोकी फुटतात, चंडीच्या देवळातला अंगारा लावतात आणि पुन्हा उतरतात. शेवटी झाड इकडे आलं की "चंडी माता की जय" होते आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही गावचे लोक एकमेकांकडे चहा पितात.

आमच्या घरात ही नदी चुलीपर्यंत आलेली होती. आईचं माहेर सावरगाव. मामा तिकडून मारायचे, बाबा तरुणपणी इकडून मारायचे, आणि आदल्या वर्षी दादा पहिल्यांदा उतरला होता. डोक्यावर गोटा बसला, टाके पडले. बाबांनी गल्लीभर सांगितलं की पोरगा मर्द निघाला. आई रात्री त्याच्या उशाशी बसून मला म्हणाली, "कोणाचा गोटा होता मले माहीत नाही. पण तिकडून आला तं माझ्या माहेरचाच आला." मला तेव्हा बाबांचा इतका राग आला होता की दोन दिवस मी त्यांना पाणी दिलं नाही.

आणि या वर्षी दादाने जाहीर करून टाकलं की मी झाडापर्यंत जाणार. काठावरून मारणं वेगळं आणि झाडापर्यंत जाणं वेगळं. झाडापाशी जाणाऱ्यावर मुद्दाम नेम धरून मारतात. दोस्तांसमोर बोलला, बाबांसमोर बोलला, झालं. बाबा म्हणाले, "शाब्बास." आई काहीच म्हणाली नाही, कारण गोटमारीला जाणाऱ्या पोराला माय अडवते म्हटलं की त्या पोराने गावात तोंड दाखवायचं कसं? आमच्याकडे तशा पोराला "बांगड्या भर" म्हणतात. आई तोंड मिटून चटणी वाटायला लागली. वाटता वाटता पाटा फुटतो की काय असं मला वाटलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी गणिताचे सर वर्गात आले आणि फळा पुसता पुसता म्हणाले, "गोटमारीच्या दिवशी शाळेला सुट्टी आहे. पण कॉम्प्युटरची खोली सकाळपासून उघडी राहील. मी येतो. अळी लावून देतो. ज्याले खेळायचं त्याने यावं."

वर्गात एकच गोंधळ. ज्या माणसाने वर्षभर गेमला कुलूप लावलं तोच सुट्टीच्या दिवशी सौंसरहून बस धरून येऊन गेम लावून देणार! पोरं म्हणाली, सौंसरवाल्याला गोटमारीतलं काय समजते. मला मात्र एक गोष्ट आठवली. आदल्या वर्षी गोटमारीनंतर दादाच्या वर्गातला एक मुलगा डोळ्याला पट्टी बांधून आला होता. तो डोळा मग गेलाच. त्यानंतर सर फळ्यावर इतकं मोठं लिहायला लागले की दोन गणितांत फळा भरायचा. कोणी विचारलं तर म्हणायचे, खडू चांगले आलेत.

पोळ्याच्या संध्याकाळी दादा घरी म्हणाला, "सकाळी एक डाव खेळतो न् मंग नदीवर जातो. खरी मजा तं दुपारनंतरच असते." आईने ऐकलं. रात्री भांडी घासताना तिने माझा हात धरला.

"तू जाय त्याच्यासंग."

"मी काय करू जाऊन?"

"काहीबी कर. भांड, रड, चक्कर येऊन पड. झाड तुटेपर्यंत त्याले तिथून हलू देऊ नोको."

आईचा हात राखेने माखलेला होता, आणि दुसऱ्या हाताच्या मनगटाने ती डोळे पुसत होती. मी हो म्हटलं. म्हणायला काय जाते!

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत पंधरा-वीस पोट्टे आणि एक मी. सरांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या, तरी नदीवरचे ढोल ऐकू येत होते. कॅसेट किर्र करून थांबली, अळी आली, डाव सुरू झाले. आणि थोड्याच वेळात मला दिसलं की सरांचा बेत फसून राहिला आहे. ज्याचा डाव बाकी तो बसून, ज्याची अळी मेली तो उठला, चपला घातल्या आणि नदीकडे. एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. सर खुर्चीवर बसून दाराकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनाही ते दिसलं होतं. पण दार लावून घ्यायचा माणूस नव्हता तो.

दादाचा नंबर आला. तो खुर्चीकडे निघाला आणि मी मध्ये उभी राहिले.

"माझा नंबर आधी."

"तुझा कुठून आला?"

"वर्षभर मुलींचा नंबर आला नाही. आज आधी मुली. सर, खरं की नाही?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय कळलं, किती कळलं, देव जाणे. म्हणाले, "खरं आहे. आज मुली आधी."

पोरांनी ओरडा केला. दादा हसला आणि म्हणाला, "बसू द्या बे. दोन मिंटात मरते ही."

दोन मिंटात मरते! बरं. मी खुर्चीवर बसले. झेड डावीकडे, एक्स उजवीकडे, वर-खाली करायची दोन बटणं उजव्या हाताला. मी पोरांचे डाव मागे उभी राहून इतके पाहिले होते की एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. हे सगळे हावरटपणाने मरतात. बोंड दिसलं की धाव, बोंड दिसलं की धाव, अळी लांब होते, जोरात पळते, आणि मग स्वतःच्याच शेपटीवर. कोणी हा विचारच केला नव्हता की बोंड खाल्लंच नाही तर? अळी लहानच राहते, हळूच चालते, आणि भिंतीच्या कडेकडेने फिरत राहिली तर तिला मरायचं काही कारणच नाही. मी तेच केलं. बोंड मधोमध चमकत होतं आणि मी कडेने चकरा मारत होते, घाण्याच्या बैलासारखी.

थोडा वेळ पोरं गंमत म्हणून पाहत राहिली. मग सुरू झालं.

"अवो खा नं!"

"अळी हाय का उपास हाय?"

"सर, हे चीटिंग आहे!"

सर उठून आले, चष्मा वर करून पडदा पाहिला आणि म्हणाले, "मेली का?"

"नाही सर, पण—"

"मग नंबर तिचा. नियम तुमचाच आहे."

पण आता दुसरंच संकट उभं राहिलं. कंटाळून पोरं उठायला लागली. "ही काही मरत नाही, चाला बे," म्हणत दोघे गेले. दादाने बसल्या जागी पाय हलवायला सुरुवात केली. दादा पाय हलवायला लागला की पाच मिनिटात उठतो, हे मला जन्मापासून माहीत. मी मनात म्हटलं, माय वो, न मरताही हा जाणार! मग मी एक बोंड खाल्लं. दादाचा पाय थांबला. आणखी एक खाल्लं. तो पुढे सरकला. खाल्लं की तो बसतो, पण खाल्लं की मी मरणाच्या जवळ जाते. नाही खाल्लं तर मी जगते, पण तो उठतो. सांगा आता. आईने मला भांड, रड, चक्कर येऊन पड म्हटलं होतं. त्याच्यापेक्षा ते सोपं होतं.

असं किती वेळ चाललं ते आता सांगता येणार नाही. ढोल वाढले होते. मधूनच नदीवर एकदम ओरडा व्हायचा, म्हणजे कोणाला तरी लागला, किंवा कोणी तरी पुढे गेला. माझी बोटं आखडली होती, डोळ्यांत पाणी येत होतं आणि पापणी लववायची सोय नव्हती. सर एकदा पाण्याचा गिलास घेऊन आले. त्याच खोलीत, जिथे ते पाण्याचा थेंब येऊ देत नसत. गिलास त्यांनी स्वतः हातात धरला आणि मी पडद्यावरची नजर न काढता दोन घोट प्यायले.

दुपारी खिडकीवर थाप पडली. दादाचे दोस्त. एकाच्या कपाळावर अंगारा होता, सदरा भिजलेला.

"अबे, चाल नं! आपले झाडापाशी पोहचून राहिले. तू काय इथं पोरीबाळीत बसला?"

दादा उभा राहिला. मी घाबरून एकामागून एक तीन बोंडं खाल्ली. अळी इतकी लांब झाली की अर्धा पडदा तिनेच भरला, आणि पळायला लागली ती काय विचारता. मी कोपऱ्यात वळले आणि फसले. समोर भिंत, बाजूला माझीच शेपटी. मला दिसलं की मी मरणार. मनात नुसतं आई, आई चाललं होतं.

"वर!" दादा माझ्या कानाशी ओरडला. "वर घे, वर! आता डावीकडं. थांब. थांब. आता खाली!"

तो माझ्या खुर्चीला टेकून वाकला होता. मी तो म्हणेल तसं बटण दाबत गेले. शेपटी एका घराच्या अंतराने सरकली आणि त्या फटीतून अळी बाहेर पडली. सगळ्या खोलीत "अरे बाप्पा!" झालं. खिडकीवाले पुन्हा ओरडले.

"अबे येतं का नाही?"

"माझा नंबर हाय," दादा मागे न पाहता म्हणाला. "ही मेली का येतोच."

ते शिव्या देऊन निघून गेले. त्यानंतर दादा बसलाच नाही. माझ्यामागे उभा राहून मला वाट सांगत राहिला, आणि मला वाटलं, खेळाच्या नादात हा विसरला की मी मेल्याशिवाय याचा डाव येणार नाही. भैताड कुठला, मी मनात म्हटलं, आणि देवाचे आभार मानले.

ऊन कलल्यावर नदीकडून एकच मोठा आवाज उठला. "चंडी माता की जय!" मग पुन्हा, मग सगळ्या गावातून. झाड आलं होतं. माझी बोटं बटणांवरून आपोआप सुटली आणि अळी सरळ जाऊन भिंतीला धडकली.

सरांनी खिडकी उघडली आणि विचारलं, "आता नंबर कोणाचा?"

"माझा," दादा म्हणाला.

"खेळ मग."

"राहू द्या सर. घरी जातो."

सरांनी मशीन बंद केलं, टीव्हीवर कापड टाकलं, कुलूप लावलं. मला म्हणाले, "पुढच्या वेळेपासून मुलींपासून हजेरी घेऊ." ते त्यांनी खरंच केलं.

आम्ही दोघे घराकडे निघालो. रस्त्याने गुलाल, ढोल, नाचणं. आणि त्याच्याच कडेने खाटांवरून नेत असलेले लोक. एका खाटेवर सकाळी पहिला डाव खेळलेला मुलगा होता. डोक्याला पंचा गुंडाळलेला, लाल झालेला. त्याचा बाप खाटेबरोबर पळत होता, त्याच्या एका पायात चप्पल नव्हती. दादा थांबला. खाट गल्लीत वळेपर्यंत पाहत राहिला. मग रस्ता सोडून शाळेच्या मागच्या बोळात शिरला. मी मागे गेले. तो भिंतीला टेकून उभा होता.

"मले जायचंच नव्हतं," तो म्हणाला.

मला कळलं नाही.

"मागच्या वर्षी गोटा लागला नं, तवापासून मले नदीचं भेव वाटते. रातभर झोपलो नाही मी. सर बोलले खोली उघडी ठेवतो, तवा वाटलं देवच पावला. मंग पाहिलं तं डाव झाला का उठाच लागते. तू मधात घुसली, तं मले इतकं बरं वाटलं का काय सांगू."

"आणि दोन मिंटात मरते म्हटलं थे?"

"पोरांसमोर काय म्हणू मंग?" तो रडायला लागला होता, आणि पुसतही नव्हता. "त्या कोपऱ्यात फसली होती नं तू? खिडकीवर सारे उभे होते. तू मेली असती तं मले जाच लागत होतं. मी चंडीले नवस बोललो. म्हटलं, माय, हिले मरू देऊ नोको."

मला त्याची इतकी दया आली आणि इतका संताप आला की दोन्ही एकदमच तोंडातून बाहेर पडलं. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. म्हटलं, मूर्खा, सकाळीच सांगता येत नव्हतं? माझी बोटं पाहा. आई काल रात्री रडत होती. एक शब्द सांगितला असता तर काय झालं असतं?

त्याने रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "कोणाले सांगू? बाबाले?"

बोळाच्या तोंडावर गुलाल उधळत पोरं चालली होती, आणि त्यांच्यात पुढे, ढोलवाल्याच्या खांद्यावर हात टाकून, बाबा नाचत होते. त्यांनी आम्हाला पाहिलं नाही. दादाने झटकन तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि ते जाईपर्यंत मी त्याच्या पुढे उभी राहिले.